जुने फोटो आणि चौकातली कला : बेळगाव सीमाभागासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात जुन्या फोटोंची एखादी पेटी नाही असे घर सापडणे कठीण, आणि पुतळा, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव स्मृतिदगड) किंवा रंगवलेली भिंत नाही असे गावही. दोन्हींबद्दल लोक जे विचारतात त्याची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. एक आग्रह आधीच सांगते. फोटो नीट ठेवायला अजून वेळ आहे, पण त्यातल्या माणसांची नावे सांगणाऱ्यांकडे तो नाही. म्हणून या पानावर स्कॅनरच्या आधी आज्जी येते.

सुरुवात कुठून करायची? घरातून की गावातून?

घरातून. माजघराच्या भिंतीवर पुढे कलून टांगलेल्या फ्रेमपासून. आधी सगळे फोटो स्कॅन करून मग विचारू, असे ठरवणारे बरेचजण विचारायचे राहून जातात. पेटी घेऊन घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाशेजारी बसा. चांगला उजेड असू दे, चष्मा जवळ असू दे, आणि मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करायला लावून तो बाजूला ठेवा. प्रत्येक फोटोला क्रमांक द्या आणि बोलताना तो मोठ्याने म्हणा, म्हणजे नंतर कोणते बोलणे कोणत्या फोटोचे हे कळते.

"आज्जी, ह्यो कोण गं?" एवढे विचारले की एक नाव मिळते आणि गोष्ट तिथे संपते. त्याऐवजी "हा फोटो काढायला कुठं गेला होता?", "त्या दिवशी घरात काय होतं?", "हे लुगडं कुणाचं?" असे विचारा. लुगड्यावरून सुरू झालेले बोलणे लग्नावर जाते, लग्नावरून सालावर. दोन वडीलधाऱ्यांनी दोन वेगळी नावे सांगितली तर दोन्ही लिहा आणि कुणी काय सांगितले तेही लिहा.

बायकांची नावे मुद्दाम विचारा. जुन्या फोटोंच्या मागे पुरुषांची पूर्ण नावे असतात आणि बायकांच्या जागी "सौ." किंवा "मंडळी". सासरचे आणि माहेरचे, दोन्ही नावे घ्या, माहेरचे गावही घ्या. आपल्याकडे अथणीची लेक बेळगावात, बेळगावची गडहिंग्लजला, खानापूरची हुबळीला अशी दिलेली असते. स्टुडिओत काढलेल्या फोटोची एक प्रत बहुतेक वेळा माहेरी जायची. तुमच्याकडची प्रत वाळवीने खाल्ली असेल तर दुसरी तिथल्या भिंतीवर धडधाकट असू शकते.

फोटो किती जुना आहे हे कसे ओळखायचे?

आधी फोटो उलटा करा. मागच्या बाजूइतके खरे सहसा पुढची बाजू बोलत नाही.

स्टुडिओचा शिक्का असेल तर त्यातला पत्ता वाचा. या भागात राज्याचे नाव बदलत गेले आणि त्याचा आपल्याला मोठा उपयोग होतो. "मुंबई इलाखा" असेल तर स्वातंत्र्यापूर्वीचा काळ धरा. "म्हैसूर राज्य" असेल तर १ नोव्हेंबर १९५६ ते १ नोव्हेंबर १९७३ या दरम्यानचा शिक्का. "कर्नाटक" असेल तर त्यानंतरचा. पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरचा, कारण पिनकोड त्याच दिवशी सुरू झाला. अर्थात काटकसरी स्टुडिओवाले जुना शिक्का झिजेपर्यंत वापरत, तेव्हा चार-पाच वर्षे इकडे-तिकडे धरून चाला.

मागे मोडीत काही लिहिले असेल तर ते वाचणारा माणूस शोधाच. शके दिलेले असेल तर त्यात ७८ मिळवा. शके १८४६ म्हणजे १९२४ साल. चैत्र पाडव्याला शके बदलते, त्यामुळे पौष-माघातली तारीख असेल तर ७९ मिळवावे लागतात.

आता कागद. पातळ, पिवळट-तपकिरी फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला असेल तर तो अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यापासून बनवलेल्या कागदावरचा, म्हणजे अल्ब्युमिन प्रिंट असू शकतो. ही पद्धत १८५० पासून एकोणिसावे शतक संपेपर्यंत चालली. पुठ्ठा सुमारे चार बाय अडीच इंच असेल तर त्या काळी तो भेटकार्डासारखा वाटला जायचा. साडेसहा बाय सव्वाचार इंच असेल तर तो कॅबिनेट कार्ड, जो १८६० च्या दशकात रूढ झाला. काळ्या भागात, विशेषतः कडेला, तिरपे धरल्यावर आरशासारखी निळसर-चंदेरी झाक दिसली तर तो जिलेटिन सिल्व्हर प्रिंट, म्हणजे साधारण १८९० नंतरचा. विसाव्या शतकातले आपले बहुतेक कृष्णधवल फोटो याच जातीचे. रंगीत फोटो सगळाच लालसर झाला असेल तर तो बहुधा १९७० ते ८० च्या दशकातला.

कपड्यांवरून साल ठरवताना मात्र सांभाळा. कोट, टाय, घड्याळ, कधी कधी चपलासुद्धा स्टुडिओतल्या असत. बायकांचे दागिनेही मागून आणलेले असत. इरकल लुगडे आणि खणाची चोळी तर आपल्याकडे तीन पिढ्यांनी घातली, त्यावरून साल निघत नाही. चोळीच्या बाहीची लांबी आणि पुरुषांच्या डोक्यावर पागोटे, रुमाल की टोपी यावरून जास्त कळते.

आमच्या पणजोबांचा लष्करी वेशातला फोटो आहे. काय बघायचे?

खांद्यावरचा पितळी बिल्ला. भिंगातून बघा. मराठा पलटणींचे १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ असे तीन आकडी क्रमांक १९०३ ते १९२२ या काळातले. त्यातला एखादा दिसला तर फोटो पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे काढलेला आहे हे पक्के. १९२२ मध्ये या पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली आणि तेव्हापासून बेळगाव हे तिचे केंद्र. १०३, ११० आणि ११७ या पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूतच्या वेढ्यात होत्या. फोटो पोस्टकार्डाच्या कागदावर असेल आणि मागे परदेशी छपाई असेल, तर तो तिकडच्या एखाद्या शहरात काढून घरी पाठवलेला असू शकतो. बिल्ल्याचा, बटणांचा आणि छातीवरच्या पदकांच्या फितींचा वेगळा जवळून फोटो काढून ठेवा.

शहापूरच्या आमच्या जुन्या कागदांवर आणि फोटोंवर सांगलीचा उल्लेख का?

शहापूर हे सांगली संस्थानात होते. आज बेळगाव आणि शहापूर एकमेकांत मिसळलेत, पण संस्थाने विलीन होईपर्यंत एका बाजूला इंग्रजी अंमल आणि दुसऱ्या बाजूला पटवर्धनांचे राज्य. त्यामुळे शहापूरच्या दरबारी समारंभाचा किंवा शाळेचा फोटो शोधायचा तर सांगलीतही विचारा. रामदुर्गचेही तसेच, ते स्वतंत्र संस्थान होते. चंदगड तालुक्याचे उलट: तो १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, म्हणून चंदगडकरांनी आपले जुने ठसे बेळगावात शोधावेत.

बेळगावात फोटोग्राफी कधीपासून आहे?

एकोणिसाव्या शतकात इथे स्टुडिओ चालत होते याचा ठळक पुरावा ऑक्टोबर १८९२ चा. स्वामी विवेकानंद तेव्हा बेळगावात आले होते. आधी रिसालदार गल्लीत वकील भाटे यांच्या घरी आणि मग वनाधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे राहिले. मित्रांनी आग्रह करून त्यांचा फोटो काढून घेतला. तो काढला एस. महादेव अँड सन या बेळगावच्या स्टुडिओत. शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला अजून अकरा महिने होते आणि त्यांना जग ओळखत नव्हते. आपल्या गावच्या एका व्यावसायिक फोटोग्राफरने घेतलेली ही प्रतिमा आज जगभर छापली जाते. बेळगावच्या शाळांतून हे शिकवले जायला हवे असे मला मनापासून वाटते.

त्याआधीचे फोटो बहुतेक सरकारी कामाचे. मुंबई सरकारने १८५५ मध्ये थॉमस बिग्ज या अधिकाऱ्याला विजापूर, बदामी, ऐहोळे या बाजूच्या वास्तूंचे फोटो काढायला नेमले. पुढे जेम्स बर्जेस यांनी १८७४ च्या जानेवारी ते मे या काळात बेळगाव आणि तेव्हाचा कलादगी जिल्हा पायाखाली घातला. पश्चिम भारताच्या पुरातत्त्व पाहणीचा तो पहिला हंगाम, आणि त्याचा अहवाल आकृत्या व फोटोंसह छापला गेला. आपल्या देवळांची दीडशे वर्षांपूर्वीची अवस्था त्यात दिसते.

हे फोटो घरबसल्या पाहता येतात का?

बरेचसे. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या संग्रहात पुरातत्त्व पाहणीचे फोटो आहेत. दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडेही एकोणिसाव्या शतकातल्या भारतीय छायाचित्रांचा मोठा साठा आहे.

शोधताना जुनी नावे वापरा. बेळगावचे "बेळगावी" हे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासूनचे, त्यामुळे ते टाकून जुने काहीच सापडणार नाही. इंग्रजी स्पेलिंग तर तीन-चार तऱ्हांनी आहे, सगळी करून बघा. तालुक्यांची नावेही वेगळी: बैलहोंगलच्या बाजूचा भाग संपगाव तालुक्यात, सौंदत्तीचा परसगड तालुक्यात मिळेल. १८८४ चा बेळगाव गॅझेटियर शेजारी उघडा ठेवला की ही नावे जुळवायला सोपे जाते.

१९५६ पूर्वीची सरकारी कागदपत्रे बघायची तर मुंबईच्या पुराभिलेखागाराचा विचार करा, कारण जिल्हा तेव्हा मुंबईकडे होता. बातमीतले फोटो हवे असतील तर जुन्या वृत्तपत्रांच्या फायली. "तरुण भारत" १९१९ मध्ये बेळगावात बाबूराव ठाकूर यांनी सुरू केला. जुने अंक चाळायला सकाळ मोकळी ठेवून जा आणि तारीख माहीत असल्याशिवाय जाऊ नका, नाहीतर दिवस जाईल आणि हाती काही लागणार नाही.

आमच्याकडे "गांधीजी बेळगावात" असा फोटो आहे. तो १९२४ चाच का?

गांधीजींचा वेश बघा. काँग्रेसचे ३९ वे अधिवेशन २६ आणि २७ डिसेंबर १९२४ ला बेळगावात झाले. गांधीजी अध्यक्ष झाले ते या एकाच अधिवेशनाचे. त्याआधी तीन वर्षे, सप्टेंबर १९२१ पासून, त्यांनी फक्त पंचा वापरायला सुरुवात केली होती. म्हणून अंगरखा आणि काठियावाडी फेटा घातलेले गांधीजी दिसत असतील तर तो फोटो १९२४ चा असू शकत नाही. मात्र लगेच खोटा म्हणून बाजूला सारू नका. एप्रिल १९१६ मध्ये मुंबई प्रांतिक परिषदेसाठी ते बेळगावात आले होते. याच परिषदेच्या वेळी लोकमान्यांनी होमरूल लीग स्थापन केली. १९१६ चा फोटो निघाला तर तो जास्त दुर्मिळ.

१९२४ साठी आणखी खुणा: टिळकवाडीच्या मोकळ्या माळावर उभारलेला मंडप, त्याला दिलेले विजयनगर हे नाव, गांधी टोपीतले स्वयंसेवक, पाण्यासाठी खणलेली विहीर. बेळगावचे काँग्रेस पुढारी गंगाधरराव देशपांडे यांनी हे सगळे उभे केले. विहीर आजही आहे, तिला काँग्रेस विहीर म्हणतात. शेजारी वीरसौध हे अधिवेशनाचे स्मारक आहे, आणि रस्त्याचे नावही काँग्रेस रोड. घरात एखाद्या स्वयंसेवकाचा बिल्ला, पास किंवा पावती असेल तर फोटोबरोबर तीही जपा.

फोटो काचेला चिकटलाय. कसा काढू?

काढू नका. ओढलात तर चेहरा काचेवर राहील. काचेसकटच स्कॅन करा किंवा फोटो काढा. पाण्यात भिजवून सुटतो असे कुणी सांगितले तरी घरी करू नका.

आपल्याकडचा खरा शत्रू पावसाळा. बेळगावात तो आहेच, खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला तर भिंती चार महिने ओल धरतात. बाहेरच्या भिंतीवर फोटो लावू नका, आतल्या भिंतीवर लावा. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांवर बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे हवा खेळते. पेटीतले फोटो साध्या कागदी पाकिटांत घालून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवा, ट्रंक जमिनीपासून वर असू दे, आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. डांबर गोळ्या नकोत. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका, कोरड्या हवेत सुकवून मऊ ब्रशने बाहेर अंगणात झटका, नाकाला रुमाल बांधून.

चिकट पुठ्ठ्याचे आणि वर प्लॅस्टिक असलेले १९८० च्या दशकातले अल्बम फोटोंचे नुकसान करतात. दात साफ करायचा बारीक धागा फोटोखालून हळूहळू करवतीसारखा फिरवला तर बरेचदा सुटतात. नाही सुटले तर तसेच राहू द्या आणि पानासकट स्कॅन करा.

नावे लिहायची ती मऊ पेन्सिलीने, मागच्या बाजूला, कडेला. बॉलपेनची रेघ पुढे उमटते.

स्कॅनर नाही. मोबाईलने चालेल का?

चालेल. खिडकीजवळ, उन्हाची तिरीप नसलेल्या जागी, फोटो आडवा ठेवून बरोबर वरून काढा. फ्लॅश बंद. काच असेल तर स्वतः काळा कपडा पांघरा म्हणजे तुमचे प्रतिबिंब पडणार नाही. मागची बाजूही काढा, पुठ्ठ्याच्या कडेसकट. व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर निम्मा तपशील गळून जातो. स्कॅनर मिळाला तर प्रिंटला ६०० डीपीआय पुरे, निगेटिव्हला २४०० च्या पुढे हवे.

सार्वजनिक कला म्हणजे फक्त पुतळे का?

मुळीच नाही. आपल्या भागातली सगळ्यात जुनी सार्वजनिक कला मारुतीच्या देवळाबाहेर पारावर टेकून ठेवलेली असते, तेला-शेंदराने माखलेली: वीरगळ. दगडाचे तीन किंवा चार थर असतात आणि ते खालून वर वाचायचे. खाली लढाई, कधी गायी हाकणारे चोर आणि त्यांच्यावर धावून गेलेला वीर. मधल्या थरात अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी उचलून नेताना. वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला, शेजारी पुजारी. माथ्यावर चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही कीर्ती राहो. कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला एकच हात कोरलेला असेल तर तो सतीचा दगड. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात जा, दुपारी काही दिसत नाही. दगडावर खडू किंवा पीठ फासून कोरीव काम उठवू नका.

मग वर्षातून एकदाच दिसणाऱ्या गोष्टी. बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक ही माझ्या मते या शहराची सगळ्यात मोठी सामूहिक कलाकृती. वैशाखातल्या परंपरागत तिथीच्या शिवजयंतीनंतर रात्रभर गल्ल्यागल्ल्यांचे चित्ररथ निघतात, ट्रॉलीवर सजीव देखावे असतात, आणि त्यात काम करणारी पोरे दिवसा कॉलेजात, दुकानात, गॅरेजमध्ये असतात. मिरवणुकीचे फोटो हजारो निघतात. त्याच्या आधीच्या आठवड्याचे कुणीच काढत नाही: गल्लीत प्लायवूडवर बुरूज रंगवणारा मुलगा, थर्माकोलचे सिंहासन, जिरेटोप बसत नाही म्हणून चाललेली खटपट. ते काढा आणि नावे लिहा.

दिवाळीतले मातीचे किल्लेही तसेच. आठ-दहा दिवसांत मोडून टाकले जातात. फोटोबरोबर कोणता किल्ला, कोणती गल्ली, कुणी बांधला आणि माती कुठून आणली, एवढे चार शब्द लिहून ठेवले तर दहा वर्षांत त्याचा इतिहास होतो.

आणि रंगवलेल्या पाट्या?

त्यांची घाई सगळ्यात जास्त आहे. फ्लेक्स आल्यापासून हाताने रंगवलेली पाटी नव्याने तयार होणे जवळजवळ थांबले. त्यात कर्नाटकात २०२४ पासून फलकावर ६० टक्के कन्नड असण्याचा कायदा लागू झाला, त्यामुळे जुन्या मराठी पाट्या उतरवल्या जात आहेत.

एखादी जुनी पाटी जवळून बघा. पत्र्यावर आधी पांढरा हात, मग दोन रेघा: दोरीला खडूची पूड लावून, दोन्ही टोके ताणून मध्ये चिमटीने सोडली की सरळ रेघ उमटते. त्या रेघा रंगाखाली अजून पुसट दिसतात. शिरोरेघ एका दमात ओढलेली असते, ब्रश कुठे टेकला आणि कुठे उचलला ते कळते. अक्षराच्या उजवीकडे आणि खाली गडद सावली, म्हणजे अक्षर पाटीतून पुढे आल्यासारखे वाटते. "ळ" आणि "श" ही अक्षरे प्रत्येक पेंटर आपल्या पद्धतीने काढतो, त्यावरून शहरात एकाच हाताच्या चार पाट्या ओळखता येतात. उजव्या कोपऱ्यात खाली बोटभर जागेत त्याची सही असते. तिचा वेगळा फोटो घ्या. खडे बाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली, शहापूरची बाजारपेठ आणि निपाणीच्या जुन्या पेठा इथून सुरुवात करा. दुकानदाराला विचारूनच काढा, आणि पाटी उतरवणार असाल तर भंगारात न देता ठेवा अशी विनंती करा.

चित्रकलेचे बेळगावशी नाते जुने आहे. नामवंत चित्रकार रवी परांजपे यांचा जन्म १९३५ मध्ये बेळगावात झाला आणि त्यांचे पहिले धडे के. बी. कुलकर्णी यांच्याकडे इथेच गिरवले गेले. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या पेंटरला तुम्ही कुठे शिकलात असे विचारले, तर तोही एखाद्या गुरूचे नाव सांगेल. ती साखळी लिहून ठेवा.

एका दिवसात शहरात काय पाहावे?

सकाळी किल्ला. आतली कमल बसदी १२०४ सालची, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात त्याचा मंत्री बिचिराज याने बांधलेली. मंडपात मधोमध उभे राहून वर बघा: छतातून खाली उतरलेले दगडी कमळ. त्या काळातले बेळगावचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. किल्ल्यातच साफा मशीद आहे.

तिथून चन्नम्मा चौक, संभाजी चौक, किर्लोस्कर रोड आणि हुतात्मा चौक पायी होतात. किर्लोस्कर रोडवर थोडे थांबा. पुढे मोठा कारखानदार झालेल्या लक्ष्मणरावांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले होते. हुतात्मा चौकातले स्मारक १७ जानेवारी १९५६ ला सीमाप्रश्नात बळी पडलेल्यांचे. नावे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुपारी जेवून झेंडा चौक, कपिलेश्वर, मग शहापूरच्या शिवाजी उद्यानात जा आणि उन्हे उतरताना टिळकवाडीत काँग्रेस विहिरीपाशी.

शहराबाहेर?

खानापूर तालुक्यात हलशीचे भूवराह-नरसिंह देऊळ, आणि नंदगडला क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णाची समाधी. १८३१ मध्ये त्यांना तिथे फाशी दिली. किल्ला बघायचा तर कित्तूर, आणि त्याच बाजूला देगावचे कमल नारायण मंदिर, बाराव्या शतकातले. ते घडवणाऱ्या शिल्पीचे नाव तिप्पोज, आणि ते आपल्याला माहीत आहे कारण त्या काळी कुणीतरी दगडावर कोरून ठेवले. राजहंसगडावरून आजूबाजूचा मुलूख छान दिसतो, तिथला शिवरायांचा पुतळा २०२३ चा. निपाणीला गेलात तर १९८१ च्या तंबाखू शेतकऱ्यांच्या आंदोलनाचे फोटो कुणाकडे आहेत का ते विचारा. महामार्गावर ठाण मांडलेल्या हजारो माणसांत आपल्या आजोबांना ओळखणारी घरे तिथे अजून आहेत.

पुतळ्यांवरून इथे वाद होतात. फोटो काढताना काय काळजी घ्यावी?

सरळ बोलते. आपल्या भागात पुतळा ही भावनेची जागा आहे, मराठी माणसाची आणि कन्नड माणसाचीही. शिवराय, चन्नम्मा, रायण्णा, बसवेश्वर, आंबेडकर: सगळ्यांची नोंद सारख्याच आदराने करा. चौथऱ्यावर चढू नका, चप्पल बाहेर काढा, बंदोबस्त असेल त्या दिवशी कॅमेरा घरी ठेवा. नोंदीत कोनशिलेवरचा मजकूर, अनावरणाची तारीख, वर्गणी काढणारे मंडळ आणि शिल्पकाराचे नाव असू दे. शिल्पकाराचे नाव बहुधा पुतळ्याच्या पायापाशी मागच्या बाजूला कोरलेले असते. चुकीच्या ओळीसह जुना फोटो फिरवू नका. इथे एका खोट्या ओळीने माणसे जखमी होऊ शकतात.

कायद्याचे काय?

थोडक्यात सांगते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कुणी पैसे देऊन स्टुडिओत फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर हक्क पैसे देणाऱ्याचा. म्हणजे आज्जाने काढून घेतलेला फोटो आज्जाच्या वारसांचा. दुसऱ्याच्या घरातला फोटो मात्र त्यांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका, हक्क कुणाचाही असो. सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचा फोटो काढून छापायला कायद्यात मोकळीक आहे. भिंतीवरच्या चित्राला ती तशी स्पष्ट नाही, म्हणून चित्रकाराचे नाव द्या आणि छापायचे असेल तर विचारा.

शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा वीरगळ ही १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ती परवान्याशिवाय विकता येत नाही आणि देशाबाहेर नेण्यास बंदी आहे. कुणी "चांगल्या किमतीला घेतो" म्हणत गावात फिरत असेल तर पंचायतीला कळवा.

कॅम्पमध्ये आणि किल्ल्यातल्या लष्करी हद्दीत फलक वाचा, पहारेकऱ्याला विचारा, आणि तो नको म्हणाला तर कॅमेरा पिशवीत टाका.

मला कन्नड बोलता येत नाही. अडेल का?

फारसे नाही. जुन्या स्टुडिओवाल्यांना, पुजाऱ्यांना, पेठेतल्या दुकानदारांना दोन्ही भाषा येतात. पण नोंद दोन्ही लिप्यांत करा. रायबाग-अथणीकडच्या कुटुंबात एक भाऊ मराठी शाळेत आणि दुसरा कन्नड शाळेत गेलेला असतो, आणि त्यांची नातवंडे एकाच फोटोखाली वेगवेगळ्या लिप्यांत शोधणार आहेत. कन्नड वाचणारा शेजारी चहाच्या बोलीवर एका संध्याकाळी पन्नास ओळी लिहून देतो.

आमच्या गल्लीत जुन्या फोटोंचे प्रदर्शन भरवायचे आहे. कसे करावे?

गणेशोत्सवात करा. लोकमान्यांनी १९०५ मध्ये झेंडा चौकात सुरू केलेल्या या उत्सवाला पुण्या-मुंबईची, बेंगळुरूची मंडळी अजून गावी येतात आणि ओळखणारे डोळे तेव्हाच एकत्र मिळतात. मूळ फोटो मांडू नका, प्रती काढून मांडा. मूळ फोटो ज्याचे त्याला त्याच आठवड्यात परत करा, वहीत सही घेऊन. उसने घेतलेले फोटो मंडळाच्या कपाटात पडून राहिले की पुढच्या वर्षी कुणी देत नाही.

प्रती मोठ्या काढा, निदान आठ बाय दहा इंच, आणि म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा, शक्यतो समोर खुर्ची ठेवून. प्रत्येक फोटोखाली कोरा कागद आणि दोरीने बांधलेली पेन्सिल. ओळख पटलेल्या चेहऱ्यांना पारदर्शक कागदावर क्रमांक द्या. एका कार्यकर्त्याला फक्त ऐकायला आणि लिहायला बसवा, त्याला दुसरे काम देऊ नका. विसर्जनाच्या आधी सगळ्या चिठ्ठ्या एका वहीत उतरवा, आणि वहीची एक झेरॉक्स वाचनालयात व दुसरी मंडळाच्या सचिवाकडे द्या. पुढच्या वर्षी तेच फोटो पुन्हा लावले तरी चालतात. ज्यांखालचा कागद कोराच राहिला ते आधी लावा.